एसएमपीएसचा नॉइज: कुठून येतो, कुठे जातो आणि फिल्टर नेमका कुठे लावायचा

"आउटपुटला अजून एक मोठा कपॅसिटर लावून बघ" हा सल्ला इलेक्ट्रॉनिक्समध्ये जितक्या वेळा दिला जातो तितका क्वचितच दुसरा कुठला दिला जात असेल, आणि गंमत म्हणजे बहुतेक वेळा त्याने ढिम्म फरक पडत नाही. १००० मायक्रोफॅरडचा लावला, मग २२०० चा लावला, तरी रेडिओची खरखर आहे तशीच, ऑडिओ अँपमधली शिट्टी आहे तशीच, एडीसीचे (व्होल्टेजचा आकडा करणाऱ्या चिपचे) शेवटचे दोन-तीन बिट नाचतायत ते नाचतायतच. मग वैतागून माणूस म्हणतो की स्विचिंग सप्लायच (म्हणजेच एसएमपीएस, स्विच्ड मोड पॉवर सप्लाय) भिकार, लिनियर वापरायला हवा होता. सप्लाय भिकार नसतो (काही असतात म्हणा), फक्त नॉइज कुठल्या वाटेने चाललाय हे न बघताच पार्ट लावलेला असतो.

आधी हा नॉइज तयार कसा होतो ते बघू. लिनियर सप्लायमधला ट्रान्झिस्टर अर्धवट चालू राहतो आणि जास्तीचा व्होल्टेज स्वतःवर घेऊन उष्णतेत घालवतो, म्हणून तो तापतो पण शांत असतो. एसएमपीएसमधला मॉस्फेट (स्विचसारखा वापरलेला ट्रान्झिस्टर) एकतर पूर्ण चालू नाहीतर पूर्ण बंद, मधे रेंगाळायचं नाही, कारण मधे जितका वेळ जाईल तितकी पॉवर फुकट जळते. हे चालू-बंद मेनवर चालणाऱ्या सप्लायमध्ये सेकंदाला साठ-सत्तर हजार ते लाखभर वेळा होतं, आणि बोर्डवरच्या छोट्या बक कन्व्हर्टरमध्ये (व्होल्टेज कमी करणाऱ्या स्विचिंग सप्लायमध्ये) तर वीस-वीस लाख वेळा. म्हणजे सप्लायच्या पोटात एक चौकोनी वेव्ह अखंड चालू असते, आणि चौकोनी वेव्ह आली की हार्मोनिक्स आलेच. १०० किलोहर्ट्झवर चालणारा सप्लाय फक्त १०० किलोहर्ट्झवर त्रास देत नाही, २००, ३००, ४०० असं करत करत तो थेट रेडिओच्या बँडमध्ये जाऊन बसतो.

आता हे हार्मोनिक्स किती वरपर्यंत जोरात राहणार हे स्विचिंगच्या फ्रिक्वेन्सीपेक्षा एज (चालू-बंद होतानाची व्होल्टेजची उडी) किती खडी आहे यावर जास्त ठरतं, आणि हा मुद्दा बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटतो. एज जर १० नॅनोसेकंदात वर जात असेल तर साधारण ३२ मेगाहर्ट्झपर्यंत हार्मोनिक्स हळूहळू उतरतात, दर दहापट फ्रिक्वेन्सीला २० डीबी (म्हणजे दहापट कमी), आणि त्याच्या पुढे ४० डीबीने धाडकन खाली येतात. तीच एज ५० नॅनोसेकंदांची केली तर हा कोपरा ६ मेगाहर्ट्झच्या आसपास येतो, म्हणजे सप्लाय तोच, फ्रिक्वेन्सी तीच, पण वरच्या बँडमधली कटकट बरीच कमी. मॉस्फेटच्या गेटला थोडा मोठा रेझिस्टर लावायचा हा उपाय म्हणून तर चालतो. पण फुकट काहीच नाही, एज मंद केली की स्विचिंग लॉस वाढला आणि मॉस्फेट तापला. नवीन गॅलियम नायट्राइडचे ट्रान्झिस्टर आले ते भलतेच वेगवान, एफिशियन्सी छान मिळते, आणि नॉइजवाल्या माणसाची झोप उडते.

फिल्टर म्हटलं की आपल्या डोक्यात गाळणी येते, कचरा वर अडकला आणि स्वच्छ ते खाली गेलं. इथे तसं होत नाही, आणि सगळा घोळ तिथेच सुरू होतो. नॉइज हा शेवटी करंटच आहे, आणि करंट जिथून निघाला तिथे परत येतोच येतो, तुम्ही वाट दिली नाही तर तो स्वतःची शोधतो, मग ती तुमच्या मेनच्या वायरमधून असो, ऑडिओ केबलच्या शील्डमधून असो नाहीतर हवेतून. कॉइल काय करते, तर त्या करंटची लांबची वाट अवघड करते. कपॅसिटर काय करतो, तर त्याला परत जायला जवळची सोपी वाट देतो. दोन्ही मिळून त्या करंटला सप्लायच्या आतल्या आत छोट्या लूपमध्ये फिरवत ठेवतात. म्हणून पार्ट निवडायच्या आधी प्रश्न एकच विचारायचा, हा करंट कुठून निघतोय आणि कुठून परत येतोय?

उत्तरं मुख्यतः दोनच असतात. पहिलं डिफरन्शियल मोड: करंट लाईनमधून आत येतो आणि न्यूट्रलमधून बाहेर जातो (डीसी असेल तर प्लसमधून आत, मायनसमधून बाहेर), म्हणजे सप्लाय जो कामाचा करंट ओढतो तोच, फक्त तुकड्या-तुकड्यांनी ओढल्यामुळे त्यावर स्विचिंगचे दात उमटलेले. दुसरं कॉमन मोड: इथे दोन्ही वायरमध्ये करंट एकाच दिशेने जातो आणि परत येतो तो अर्थमधून, चेसिसमधून, टेबलाच्या पत्र्यातून, जे काही जवळ असेल त्यातून. डिफरन्शियल लगेच समजतो. कॉमन मोड समजायला जरा वेळ लागतो, कारण त्याची वाट स्कीमॅटिकमध्ये काढलेलीच नसते.

एक हिशोब करून बघा म्हणजे कॉमन मोडचा इतका बाऊ का करतात ते कळेल. मेनवर चालणाऱ्या फ्लायबॅकमध्ये (ट्रान्सफॉर्मरवाल्या एसएमपीएसचा एक प्रकार) मॉस्फेटचा ड्रेन (त्याची एक पिन) समजा ५० नॅनोसेकंदात ३०० व्होल्ट उडी मारतो. मॉस्फेट हीटसिंकवर बसवलाय, मधे पातळ इन्सुलेटर पॅड आहे, म्हणजे धातू-इन्सुलेटर-धातू, म्हणजे झाला की कपॅसिटर! धरा ३० पिकोफॅरड. कपॅसिटरमधला करंट म्हणजे कपॅसिटन्स गुणिले व्होल्टेज बदलण्याचा वेग, तर तो आला १८० मिलिअँपिअर. क्षणभरच, पण प्रत्येक एजला, आणि तो थेट हीटसिंकमधून चेसिसमध्ये आणि तिथून अर्थमध्ये. आता घरगुती वापराच्या उपकरणांसाठी जी लिमिट असते ती बघा. सीआयएसपीआर ३२ या आंतरराष्ट्रीय नॉइज-मानकाच्या क्लास बी मध्ये ५०० किलोहर्ट्झ ते ५ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात ॲव्हरेज लिमिट ४६ डीबी मायक्रोव्होल्ट आहे, म्हणजे २०० मायक्रोव्होल्ट, आणि मोजायच्या नेटवर्कचा इम्पिडन्स (बदलत्या करंटला होणारा अडथळा) ५० ओहम, म्हणजे करंटमध्ये जेमतेम ४ मायक्रोअँपिअर. एकीकडे पूर्ण पल्सचा पीक आहे आणि दुसरीकडे एकेका फ्रिक्वेन्सीवरचं मोजमाप, त्यामुळे दोन्ही आकडे सरळ शेजारी ठेवता येत नाहीत हे खरं, पण अंतर केवढं आहे ते दिसलं ना. आणि हे सगळं त्या ३० पिकोफॅरडमुळे, जो कुणी मुद्दाम लावलेलाच नाही.

हीटसिंकशिवाय दुसरी मोठी चोरवाट म्हणजे ट्रान्सफॉर्मर. प्रायमरी आणि सेकंडरीची वाइंडिंग एकमेकांवर गुंडाळलेली असतात, त्यांच्यातही कपॅसिटन्स असतोच, आणि त्यातून प्रायमरीचा नॉइज उडी मारून आउटपुटवर येतो, तुमच्या डीसी केबलवर चढतो, आणि ती केबल मग अँटेनाचं काम आनंदाने करते. काही ट्रान्सफॉर्मरमध्ये दोन वाइंडिंगच्या मधे तांब्याची पट्टी किंवा एक जादा वाइंडिंग शील्ड म्हणून घालतात, तो करंट तिथेच पकडून प्रायमरीच्या ग्राउंडला परत पाठवायला.

आता इनपुटचा फिल्टर. कुठलाही बरा एसएमपीएस उघडला (उघडायच्या आधी प्लग काढा, आणि काढल्यावरही मोठ्या कपॅसिटरवर ३०० च्या वर व्होल्ट काही वेळ राहतात हे लक्षात ठेवा) तर प्लगच्या बाजूला फ्यूज, मग एक चौकोनी पिवळा नाहीतर करडा डबा, मग फेराइटच्या रिंगवर दोन सारखी वाइंडिंग असलेली कॉइल, परत एक चौकोनी डबा, आणि कडेला एक-दोन छोटे निळे डिस्क असं दिसतं. चौकोनी डबे म्हणजे एक्स कपॅसिटर, लाईन आणि न्यूट्रलच्या मधे लावलेले, साधारण ०.१ ते १ मायक्रोफॅरड, डिफरन्शियल नॉइजला आतल्या आत परत पाठवायला. निळे डिस्क म्हणजे वाय कपॅसिटर, लाईन किंवा न्यूट्रलपासून अर्थला, नाहीतर प्रायमरीपासून सेकंडरीला, कॉमन मोडचा करंट परत आणायला. आणि मधली रिंग म्हणजे कॉमन मोड चोक, मला विचाराल तर या अख्ख्या फिल्टरमधला सगळ्यात हुशार पार्ट.

हुशार का ते सांगतो. समजा कॉमन मोड अडवायला १० मिलिहेन्री पाहिजे. २ अँपिअरचा कामाचा करंट वाहून नेणारी १० मिलिहेन्रीची साधी कॉइल बनवायला गेलात तर ती सप्लायपेक्षा मोठी होईल, आणि छोट्या फेराइटवर बनवली तर कामाच्या करंटनेच कोअर सॅच्युरेट होऊन (फ्लक्सने भरून निकामी होऊन) बसेल. चोकमध्ये दोन वाइंडिंग अशी घातलेली असतात की कामाचा करंट एकातून जाताना आणि दुसऱ्यातून परत येताना कोअरमध्ये उलटसुलट फ्लक्स करतो, आणि दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात. कोअरला कामाचा करंट दिसतच नाही. पण कॉमन मोडचा करंट दोन्हीतून एकाच दिशेने येतो, त्याचे फ्लक्स जोडले जातात, आणि त्याला पूर्ण १० मिलिहेन्री भोगावे लागतात. वर बोनस असा की वाइंडिंगचं कपलिंग शंभर टक्के नसतं, टक्काभर लीकेज राहतंच, म्हणजे डिफरन्शियल नॉइजलाही साधारण १०० मायक्रोहेन्री फुकटात मिळतात, आणि एक्स कपॅसिटरसोबत तेवढ्यावर बऱ्याच छोट्या सप्लायचं भागून जातं.

वाय कपॅसिटर मोठा केला तर कॉमन मोड अजून कमी होईल, मग १०० नॅनोफॅरड का नाही लावत? कारण त्यातून मेनचा करंटही अर्थकडे वाहतो. २३० व्होल्ट, ५० हर्ट्झवर २.२ नॅनोफॅरडमधून साधारण ०.१६ मिलिअँपिअर जातात, आणि हा लीकेज किती चालेल याला सेफ्टीच्या नियमांची मर्यादा असते, पेशंटला जोडायच्या उपकरणांना तर फारच कडक. म्हणून वाय नेहमी काही नॅनोफॅरडचाच. दोन पिनच्या चार्जरवर चालणाऱ्या लॅपटॉपच्या धातूच्या बॉडीवरून हलकेच बोट फिरवलं की जी झिणझिण जाणवते ना, तो हाच करंट, प्रायमरी-सेकंडरीमधल्या वाय कपॅसिटरमधून आलेला, चार्जर बिघडलाय असं काही नाही.

इथे एक गोष्ट जरा दमात सांगायला हवी. एक्स आणि वाय हे नुसते व्होल्टेज रेटिंग नाहीत, ते फेल कसे होतात याचे क्लास आहेत. एक्स शॉर्ट झाला तर लाईन-न्यूट्रल शॉर्ट होऊन फ्यूज उडेल. पण प्रायमरी-सेकंडरीमधला वाय शॉर्ट झाला तर तुमच्या हातातल्या डीसी केबलवर सरळ मेन येईल, म्हणून तो शॉर्ट होऊच नये अशा बेताने बनवलेला आणि टेस्ट केलेला असतो. त्याच्या जागी ड्रॉवरमधला कुठलातरी १ किलोव्होल्टचा सिरॅमिक डिस्क ठोकून देणं म्हणजे शुद्ध वेडेपणा, दिसायला दोघे जुळे भाऊ असले तरी. आणि एक्सच्या शेजारी जे मोठ्या किमतीचे रेझिस्टर दिसतात ते प्लग काढल्यावर एक्स डिस्चार्ज करायला, नाहीतर प्लगच्या पिनांना हात लागला की झटका बसतो, तेही काढायचे नाहीत.

नॉइज डिफरन्शियल की कॉमन मोड हे घरच्या घरी ओळखायची एक साधी युक्ती आहे. क्लिप-ऑन फेराइट घ्या आणि त्यातून दोन्ही वायर एकत्र घाला, जमलं तर दोन-तीन वेढे देऊन. दोन्ही वायर एकत्र असल्या की डिफरन्शियलचा फ्लक्स रद्द होतो, म्हणजे त्या फेराइटचा परिणाम फक्त कॉमन मोडवर होणार. खरखर कमी झाली, तर तुमचा शत्रू कॉमन मोड, आणि आउटपुटला कितीही मायक्रोफॅरड ओता, उपयोग शून्य, कारण तो कपॅसिटर प्लस-मायनसच्या मधे बसलाय आणि करंट दोन्ही वायरमधून एकाच दिशेने चाललाय, कपॅसिटरच्या दोन टोकांत फरकच नाही तर तो करणार काय. सुरुवातीला म्हटलेला सल्ला फसतो तो बऱ्याचदा इथेच. ठोकताळा म्हणून, साधारण १ मेगाहर्ट्झच्या खाली डिफरन्शियलचं राज्य असतं आणि वर कॉमन मोडचं, अपवाद भरपूर.

आता आउटपुटकडे. इथे स्कोप (ऑसिलोस्कोप) लावला की दोन वेगळ्या गोष्टी दिसतात आणि लोक दोन्हीला सरसकट रिपल म्हणतात. एक म्हणजे खरा रिपल, स्विचिंग फ्रिक्वेन्सीचा, त्रिकोणी लाटेसारखा. दुसरा म्हणजे प्रत्येक एजला उभी राहणारी बारीक सुई, स्पाइक, तिच्या मागे थरथरणारं रिंगिंग, आणि ती सगळी दहा-वीस ते शंभर-दोनशे मेगाहर्ट्झची भानगड. रिपलचं औषध स्पाइकला लागू पडत नाही.

मोठा इलेक्ट्रोलायटिक घ्या. त्याच्या आत कपॅसिटन्ससोबत सिरीजमध्ये थोडा रेझिस्टन्स असतो तो ईएसआर, आणि थोडा इंडक्टन्स असतो तो ईएसएल. रिपल करंट १ अँपिअर आणि ईएसआर ५० मिलिओहम असेल तर ५० मिलिव्होल्ट रिपल तिथेच आला, मग कपॅसिटर १००० चा असो की ५००० चा. आणि स्पाइकचं म्हणाल तर लीड वगैरे धरून २० नॅनोहेन्री इंडक्टन्स असेल तर ३० मेगाहर्ट्झला त्याचा इम्पिडन्स जवळपास पावणेचार ओहम होतो. म्हणजे तिथे तो कपॅसिटर राहिलेलाच नाही, कॉइल झालाय. छोटा सिरॅमिक, १ नॅनोहेन्रीवाला, तिथे ०.१९ ओहमवर असतो. १०० नॅनोफॅरड आणि १ नॅनोहेन्रीचा सिरॅमिक १६ मेगाहर्ट्झच्या आसपास सगळ्यात चांगलं काम करतो, १० मायक्रोफॅरडचा १.६ मेगाहर्ट्झला. म्हणून बोर्डवर वेगवेगळ्या साइजचे कपॅसिटर शेजारी-शेजारी दिसतात. सिरॅमिकची एक खोड मात्र माहीत पाहिजे, एक्स५आर, एक्स७आर जातीचे सिरॅमिक डीसी व्होल्टेज चढला की आपला कपॅसिटन्स गमावतात, छोट्या पॅकेजमधला १० मायक्रोफॅरडचा रेटेड व्होल्टेजजवळ अर्ध्याच्याही खाली जाऊ शकतो. (बॉक्सवर १० लिहिलंय, हातात ४ येतात, आणि यात कायद्याने काही चूक नाही, डेटाशीटमध्ये ग्राफ दिलेला असतो.)

रिपल खरंच खाली आणायचा असेल तर एक छोटा एलसी (कॉइल आणि कपॅसिटरचा फिल्टर) जोडा. १ मायक्रोहेन्री आणि १०० मायक्रोफॅरड घेतले तर कोपरा (ज्याच्या वर फिल्टर अडवायला लागतो) १६ किलोहर्ट्झला येतो, आणि ५०० किलोहर्ट्झच्या रिपलला कागदावर ६० डीबी, म्हणजे हजारपट कमी. प्रत्यक्षात कपॅसिटरचा ईएसआर १० मिलिओहम जरी धरला तरी गाडी ५० डीबीवर अडकते, पण २० मिलिव्होल्टचे ६०-७० मायक्रोव्होल्ट झाले तर तक्रार कोण करतंय. फक्त फीडबॅक (कंट्रोलर आउटपुट जिथून बघतो तो सिग्नल) त्या एलसीच्या नंतरून घेऊ नका, त्याने जो फेज शिफ्ट येतो त्याने कंट्रोल लूप हेलकावे खायला लागतो. फीडबॅक आधीच्या कपॅसिटरवरून घ्या आणि कॉइलच्या रेझिस्टन्समुळे लोडवर काही मिलिव्होल्ट पडतील ते सोसा.

फेराइट बीड (लाईनमध्ये लावायचा छोटा फेराइटचा पार्ट) हा सगळ्यांचा लाडका आणि सगळ्यात जास्त गैरसमज असलेला पार्ट. ६०० ओहम लिहिलंय ते १०० मेगाहर्ट्झला, ५०० किलोहर्ट्झच्या रिपलला तो जवळपास वायरचा तुकडाच. स्पाइकसाठी मात्र झकास, आणि मघाशी म्हटलं फिल्टर नॉइज अडवतो किंवा वळवतो, तर बीड त्याच्या वरच्या बँडमध्ये खरोखर नॉइज जाळून उष्णता करतो. पण त्यातून डीसी करंट वाहिला की इम्पिडन्स घसरतो, रेटेड करंटच्या निम्म्यावरच बराचसा गेलेला असतो, आणि खालच्या फ्रिक्वेन्सीला तो साधी कॉइल असल्यामुळे पुढच्या सिरॅमिकसोबत रेझोनन्स करून नॉइज कमी करायच्या ऐवजी वाढवूनही देतो. एलडीओ (छोट्या लिनियर) रेग्युलेटरचंही तसंच, कमी फ्रिक्वेन्सीला ६०-७० डीबी रिजेक्शन देणारा एलडीओ मेगाहर्ट्झच्या वर गेलं की ढेपाळतो आणि स्पाइक त्याच्यातून आरपार जातात. आधी बीड किंवा एलसी, मग एलडीओ, हा क्रम बरा.

हे सगळं करण्याआधी तुम्ही मोजताय ते खरं आहे का ते बघा, कारण अर्धे स्पाइक प्रोबनेच तयार केलेले असतात. प्रोबची ती लांब मगर-क्लिपवाली ग्राउंड वायर आणि प्रोबची टीप मिळून एक मस्त लूप होतो, आणि सप्लायच्या शेजारी तो लूप धरला की त्यात व्होल्टेज येणारच. तपासायचं असं: प्रोबची टीप त्याच्याच ग्राउंड क्लिपला लावा, आणि क्लिप जिथे जोडली होती त्याच ग्राउंडवर राहू द्या. आता स्क्रीनवर सरळ रेघ दिसायला हवी. तरीही सुया दिसत असतील तर त्या आउटपुटवरच्या नाहीत, हवेतून किंवा कॉमन मोडने आलेल्या आहेत. मग ग्राउंड वायर काढा, प्रोबच्या टोकाला छोटी स्प्रिंग लावा आणि थेट आउटपुट कपॅसिटरच्या दोन टोकांवर टेकवा. रिपलचे आकडे द्यायचे असतील तर स्कोपचं २० मेगाहर्ट्झचं लिमिट चालू करायची पद्धत आहे, डेटाशीटमधले आकडे बहुतेक तसेच घेतलेले असतात. आणि मेनच्या प्रायमरी बाजूला साधा प्रोब लावायचा नाही, स्कोपचं ग्राउंड अर्थला जोडलेलं असतं, मोठा आवाज होईल.

खरं सांगायचं तर नॉइज जन्मतो तिथेच कमी करणं कुठल्याही फिल्टरपेक्षा स्वस्त. बक कन्व्हर्टरमध्ये इनपुट कपॅसिटर, वरचा स्विच, खालचा स्विच किंवा डायोड आणि परत कपॅसिटर, हा जो लूप आहे त्यात करंट क्षणात चालू आणि क्षणात बंद होतो. या लूपमध्ये १० नॅनोहेन्री असतील, आणि पीसीबीचा दर मिलिमीटर ट्रॅक साधारण १ नॅनोहेन्री धरतात म्हणजे हे जेमतेम सेंटीमीटरभर झालं, आणि ५ अँपिअर १० नॅनोसेकंदात बदलले, तर त्या तुकड्यावर ५ व्होल्ट उभे राहतात. ५ व्होल्ट! मग आउटपुटला कसले मिलिव्होल्ट शोधत बसलोय आपण. इनपुटचा सिरॅमिक आयसीच्या पिनांना अगदी चिकटवून लावला आणि खाली अखंड ग्राउंड प्लेन ठेवला तर निम्मं काम झालं, बोर्ड एकदा बनून आल्यावर मात्र हे करता येत नाही.

रिंगिंग उरलंच तर स्नबर, म्हणजे स्विच नोडपासून (दोन्ही स्विच आणि कॉइल जिथे जुळतात तिथून) ग्राउंडला एक रेझिस्टर आणि एक कपॅसिटर सिरीजमध्ये. किमती अंदाजाने टाकायची गरज नाही. रिंगिंगची फ्रिक्वेन्सी मोजा, समजा १५० मेगाहर्ट्झ. मग स्विच नोडला नुसते कपॅसिटर लावत जा, फ्रिक्वेन्सी निम्मी होईपर्यंत. ३०० पिकोफॅरडला ७५ मेगाहर्ट्झ झाली, तर आधीचा लपलेला कपॅसिटन्स त्याच्या एक तृतीयांश, १०० पिकोफॅरड (फ्रिक्वेन्सी निम्मी म्हणजे कपॅसिटन्स चौपट, सरळ आहे). त्यावरून लपलेला इंडक्टन्स ११ नॅनोहेन्री निघतो, आणि त्या दोघांच्या भागाकाराचं वर्गमूळ घेतलं की १०-११ ओहम, हा तुमचा रेझिस्टर. कपॅसिटर लपलेल्याच्या तिप्पट-चौपट, म्हणजे ३०० ते ४००. १२ व्होल्ट, ५०० किलोहर्ट्झवर ४०० पिकोफॅरडचा स्नबर जेमतेम ३० मिलिवॉट खातो.

इनपुट फिल्टरमध्ये एक असा सापळा आहे की फिल्टर लावल्यावर सप्लायच डोलायला लागतो. कन्व्हर्टर आउटपुट पॉवर कायम ठेवतो, त्यामुळे इनपुट व्होल्टेज कमी झाला की तो जास्त करंट ओढतो, साध्या रेझिस्टरच्या बरोब्बर उलट. १२ व्होल्टवर २४ वॉट घेणारा कन्व्हर्टर बारीक बदलांच्या दृष्टीने उणे ६ ओहमचा रेझिस्टर असतो. आता त्याच्यापुढे कमी लॉसची छान कॉइल आणि छान सिरॅमिक लावला, की ती जोडी तिच्या रेझोनन्सला घंटेसारखी वाजू शकते, आणि उणे रेझिस्टन्स तिचं वाजणं थांबवायच्या ऐवजी चालू ठेवतो. कॅलटेकच्या मिडलब्रुक यांनी १९७६ साली हे नीट मांडलं: फिल्टरचा आउटपुट इम्पिडन्स कन्व्हर्टरच्या इनपुट इम्पिडन्सपेक्षा सगळीकडे बराच कमी राहिला पाहिजे. उपाय अगदी साधा, सिरॅमिकच्या पॅरलल त्याच्या चौपट वगैरे किमतीचा इलेक्ट्रोलायटिक लावायचा, आणि इथे त्याचा तो बदनाम ईएसआरच कामाला येतो, रेझोनन्स दाबून टाकतो.

फिल्टर बरोबर असून जागा चुकली तरी गेलं. वाय कपॅसिटर चेसिसला ५ सेंटीमीटर वायरने जोडला तर ती वायर साधारण ५० नॅनोहेन्री, ३० मेगाहर्ट्झला ९ ओहमच्या वर, आणि खुद्द २.२ नॅनोफॅरड तिथे फक्त अडीच ओहम. म्हणजे वायरच कपॅसिटरपेक्षा जास्त आडवी येते. त्यामुळे तयार लाईन फिल्टरचा धातूचा डबा रंग खरवडून थेट चेसिसवर स्क्रूने बसवतात, हिरवी वायर लोंबकळत सोडत नाहीत. तसंच फिल्टरच्या आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या वायर एकाच केबल-टायमध्ये बांधल्या तर नॉइज फिल्टरला वळसा घालून एका वायरवरून दुसरीवर जातो, दिसायला वायरिंग फार सुबक दिसतं. फिल्टर मेनची वायर डब्यात शिरते त्या भोकाशीच असावा.

स्प्रेड स्पेक्ट्रम नावाची एक सोय हल्ली बऱ्याच कंट्रोलरमध्ये येते, ती स्विचिंग फ्रिक्वेन्सी मुद्दाम थोडी मागेपुढे हलवत राहते. टेस्टमध्ये पीक काही डीबीने खाली येतो, रिपोर्ट पास होतो, पण नॉइजची एकूण एनर्जी तेवढीच, फक्त पसरलेली. तुमच्या सेन्सरला पसरलेला नॉइज चालतो की नाही हे तुम्हीच बघायचं, ऑडिओत तर कधीकधी तो हलण्याचा दरच ऐकू येतो.

आणि एखादा सप्लाय वर्षानुवर्षं शांत होता आणि आताच खरखरायला लागला असेल तर नवा फिल्टर लावायच्या भानगडीत पडू नका, आधी आउटपुटचे इलेक्ट्रोलायटिक बघा. आतला इलेक्ट्रोलाइट सुकत गेला की ईएसआर वाढतो आणि रिपल त्याच प्रमाणात वर येतो, मीटरवर कपॅसिटन्स ठीकठाक दिसला तरी. वरचं झाकण फुगलेलं असलं तर प्रश्नच मिटला, नसलं तर ईएसआर मीटर लावून बघा. बदलताना १०५ डिग्रीचे, लो-ईएसआरवाले आणि तेवढाच रिपल करंट झेलणारे घ्या. "सिरॅमिक लावतो, त्याचा ईएसआर तर शून्यच" असं करायला जाऊ नका, जुन्या डिझाइनमध्ये बऱ्याचदा त्या इलेक्ट्रोलायटिकचा ईएसआर धरूनच फीडबॅक लूप जुळवलेला असतो, तो काढून घेतला की सप्लाय ऑसिलेट व्हायला लागतो आणि नॉइज होता त्यापेक्षा जास्त.